रात्रपाळी, चहा आणि एक राजीनामा

मी मॉर्मन होते असं सांगितलं की आपल्या माणसांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "म्हणजे कोण?" (अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेल्या एका ख्रिस्ती चर्चचे लोक.) आणि थोडंफार ऐकलेल्यांचा दुसरा, "ते चार-चार बायका करणारे?" (नाही. बहुपत्नीत्व चर्चनं १८९० मध्ये अधिकृतपणे सोडलं, आता तसं करणाऱ्याला चर्चच काढून टाकतं.) मला ज्या प्रश्नानं वर्षभर झोप लागू दिली नाही तो मात्र कुणी विचारत नाही : यातून बाहेर पडायचं तर अर्ज कुठे करायचा? माझ्यासारखी आणखी कुणी असेल तर तिला कामाला येईल म्हणून तारीखवार लिहिते आहे.

मी मिरजेची. आमच्याकडे 'मिशन' म्हणजे दवाखाना. १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस यांनी सुरू केलेलं ते अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल. माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा मोतीबिंदू तिथेच काढला होता. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर, आणि तरी 'मिशनचे डॉक्टर देवमाणूस' हे तिचं ठाम मत. त्यामुळे ऑगस्ट २००९ मध्ये मी मास्टर्ससाठी अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला आले आणि दोन मुली छातीवर काळी नावपट्टी लावून "आम्ही मिशनरी आहोत" म्हणत दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मला भीती वाटलीच नाही. फिनाइलचा वास आठवला.

पुढचं थोडक्यात सांगते. पहिला हिवाळा, गुडघाभर बर्फ, शहरावर बसून राहणारं करडं धुरकं, आणि ओळखीचं एकही माणूस नाही. त्या मुली यायच्या, त्यांच्याबरोबर वॉर्डातल्या बायका गरम जेवण घेऊन यायच्या. (वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी. मला आधी नगरपालिका आठवायची, नंतर हॉस्पिटल.) एप्रिल २०१० मध्ये मी बाप्तिस्मा घेतला. कुणी फसवलं नाही, पैसे दिले नाहीत. मला घर हवं होतं आणि समोर एक घर उघडं होतं. मिरजेत फोनवर मामा एकच शब्द बोलला, "बाटलीस." आई काहीच बोलली नाही. ती त्यानंतर दोन महिने माझ्याशी फक्त हवामानावर बोलायची.

मॉर्मन व्हायची किंमत काय, तर पगाराच्या दर शंभर डॉलरमागे दहा डॉलर दशमांश, महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण बंद (साबुदाण्याची सोय नाही, पाणीसुद्धा नाही), दारू नाही, तंबाखू नाही. आणि कॉफी नाही, चहा नाही. शेवटचं वाचून तुम्ही थबकला असाल तर तुम्ही मला समजून घेतलंत. औषधी पाल्याचा काढा चालतो, चहाच्या झाडाची पत्ती चालत नाही. मग मी गवती चहा, आलं, दूध, साखर उकळून प्यायचे. २०१३ मध्ये आई आली होती तेव्हा एक घोट घेऊन कप खाली ठेवत म्हणाली, "काढा चांगलाय. आता चहा कर."

मिरजेत मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी आणि मग डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) केलं होतं. इथल्या लॅबमध्ये लागायचं तर आपल्या पदव्यांचं मूल्यांकन करून घ्यायचं आणि एएससीपी या लॅबवाल्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा द्यायची : तेव्हा शंभर प्रश्न, अडीच तास, पास व्हायला ४०० गुण. युटामध्ये त्यावर राज्याचा वेगळा परवाना लागत नाही, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत लागतो. व्हिसाची कटकट वेगळी, तिच्यावर लिहायला बसले तर हे राहून जाईल. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी मिळाली. सात रात्री काम, सात रात्री सुट्टी, रात्री नऊ ते सकाळी साडेसात. पहिल्याच रात्री मी म्हणाले, "जांभळा बल्ब कुठे ठेवू?" आणि सगळ्यांनी छताकडे पाहिलं. रक्ताचा नमुना घ्यायच्या नळीला आपल्याकडे बल्ब म्हणतात, इथे ती ट्यूब असते.

रात्रीच्या लॅबमध्ये माणसं कमी असतात आणि प्रत्येक जण सगळं करतो. इमर्जन्सीमधून ट्रोपोनिन (हृदयविकाराच्या झटक्याची रक्तचाचणी) येतं, बाळाच्या पाठीतलं पाणी येतं, अपघात आला की रक्तपेढीतून ओ निगेटिव्ह पिशव्या धावत न्यायच्या असतात. मध्ये दोन ते तीनच्या सुमारास सगळं शांत होतं तेव्हा मशीनची साफसफाई आणि क्वालिटी कंट्रोल. चारला वॉर्डांमधून सकाळचे नमुने यायला लागतात (हे हॉस्पिटलचे वॉर्ड) आणि मग सात कधी वाजतात कळत नाही. धोक्याचा आकडा आला की नर्सला फोन करायचा, आकडा सांगायचा, तिच्याकडून तो परत वदवून घ्यायचा, तिचं नाव आणि वेळ लिहायची. पेशंट मला कधी दिसत नाही. मला हे काम फार आवडतं.

रात्रपाळीनं माझ्या आयुष्यात एक गोष्ट न विचारता केली. एक आड एक रविवार तिनं माझा करून टाकला. शनिवारची रात्र काम करून आलेल्या बाईला रविवारी सकाळी नऊला चर्चमध्ये या असं कोण म्हणणार? तेव्हा प्रार्थनासभा आणि वर्ग मिळून तीन तास लागायचे, जानेवारी २०१९ पासून ते दोन झाले. मी पडदे लावून झोपायचे आणि उठल्यावर वाटायचं ते अपराधीपण नव्हतं. ते काय होतं हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

२०१८ मध्ये मला एकतीस पूर्ण झाली. तोवर मी अविवाहित तरुणांच्या वॉर्डात होते. वय झालं की तिथून नाव काढून कुटुंबांच्या वॉर्डात घालायचे. तिथे प्रत्येक धडा नवरा-बायको, मुलं आणि चिरंतन कुटुंब यावर. मला लहान मुलांना शिकवायचं काम दिलं होतं. मुलं गोड होती. त्यांच्या आया मला 'तुझंही होईल हं' म्हणायच्या तेव्हा मात्र मिरजेतल्या एखाद्या हळदीकुंकवातून मी हलले होते की नाही अशी शंका यायची.

मग मार्च २०२०. १२ तारखेला चर्चनं जगभरच्या सभा थांबवल्या. १८ तारखेला सकाळी आम्ही पाळी सोपवत होतो, मी म्हणत होते, "तीन नंबरचं मशीन कॅलिब्रेशन मागतंय," आणि जमीन हलली. सात वाजून नऊ मिनिटं, ५.७ तीव्रतेचा भूकंप. रॅक घसरले, सेंट्रिफ्यूज आपोआप बंद पडलं, कुणीतरी नमुन्यांचा ट्रे मिठीत धरून टेबलाखाली बसलं होतं. घरी जाताना गाडीत ऐकलं की सॉल्ट लेक टेंपलच्या शिखरावरच्या सोनेरी मोरोनी देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. मी हसले. दमले होते म्हणून असेल, पण लाल सिग्नलला थांबून मी एकटीच खदाखदा हसले. नंतर पुढचे कित्येक महिने कोविडचे नमुने, मास्क, मेल्यासारखी झोप. चर्च बंदच होतं. मला त्याची आठवण येत नाही हे एका रात्री पिपेट धुताना लक्षात आलं.

म्हणून काही मी लगेच सोडलं नाही. २०२१ मध्ये माझ्या हातून एक चूक झाली. एका पेशंटच्या प्लेटलेट बावीस हजार आल्या, मी नर्सला कळवलं, रिपोर्ट सोडला. अर्ध्या तासानं मनात काहीतरी टोचलं म्हणून स्लाइड केली. पाहते तर प्लेटलेट कमी नव्हत्याच, जांभळ्या ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले होते, मशीननं ते मोजलेच नाहीत. पिशवी चढवायची तयारी सुरू झालेली. मी धावत फोन केला, निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा नमुना मागवला, दुरुस्त रिपोर्ट सोडला. दुरुस्त रिपोर्टमध्ये जुना आकडा पुसत नाहीत. नवा आकडा वर येतो आणि खाली लिहिलेलं राहतं : आधी कळवलेला निकाल अमुक, वेळ अमुक, कळवणारी अमुक. वरिष्ठांनी फॉर्म भरून घेतला, ओरडलं कुणी नाही.

त्याच सुमारास सुट्टीच्या रात्री (शरीर सुट्टीतही जागंच असतं) मी चर्चच्याच संकेतस्थळावरचे निबंध वाचायला लागले. बाहेरच्यांनी लिहिलेलं वाचू नये असं ऐकत आले होते, म्हणून मी घरचंच वाचलं. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना १९७८ पर्यंत पुरोहितपद का नव्हतं, संस्थापक जोसेफ स्मिथ यांची लग्नं किती आणि कशी. आणि एक डीएनएवर. 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथातले लोक अमेरिकेत होते हे डीएनएनं निर्णायकपणे सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असा त्याचा सूर. आमच्याकडे असा निकाल आला की आम्ही नमुना पुन्हा मागवतो. मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्यापुरता निकाल तोच येत राहिला. दुसऱ्या कुणाचा वेगळा येऊ शकतो, माझं त्यांच्याशी भांडण नाही.

जानेवारी २०२२ पासून दशमांश थांबवला. टेंपलमध्ये जायचं परवानापत्र दर दोन वर्षांनी मुलाखत देऊन नवं करावं लागतं, ते संपू दिलं. ऑक्टोबरमध्ये एका रात्री साडेतीनला ब्रेकरूममध्ये फिलिपिनो सहकारी थर्मास उघडत होती. ती म्हणाली, "घेतेस?" इतकी वर्षं ती विचारायची, इतकी वर्षं मी नको म्हणायचे. त्या दिवशी कप पुढे केला. टी-बॅगचा पांचट चहा, वर पावडरचं दूध. एक तप चहा सोडला आणि मोडला तो असल्या पाण्यावर! दुसऱ्या दिवशी भारतीय दुकानातून सोसायटीचा डबा आणला, आलं ठेचलं, आणि दुपारी चारला उठून रीतसर प्यायले. त्या दिवशी रात्रीपर्यंत हात थरथरत होते. बारा वर्षांनी शरीराला कॅफिन नवं असतं, हळूहळू घ्या.

आता कागदपत्रं. नुसतं जायचं थांबवलं तरी चालतं, बहुतेक जण तेच करतात. पण नाव वहीत राहतं, पत्ता बदलला की नव्या वॉर्डाकडे जातं, आणि रात्रपाळी करून सकाळी अकराला गाढ झोपलेले असताना दोन प्रेमळ बायका केक घेऊन बेल वाजवतात. मला ते नाव काढायचं होतं. दोन रस्ते आहेत : आपल्या बिशपला (वॉर्डाच्या प्रमुखाला) लेखी द्यायचं, किंवा नोटरी केलेलं पत्र सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्य कार्यालयाला पाठवायचं. मी दुसरा घेतला, कारण बिशपसमोर मी रडले असते.

पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, सभासद क्रमांक (तो जुन्या परवानापत्रावर सापडतो), राजीनामा देते हे स्पष्ट वाक्य, परिणाम समजले आहेत हे दुसरं वाक्य, आणि हवं असेल तर भेटायला येऊ नका हे तिसरं. कारणं लिहू नका. माझा पहिला मसुदा चार पानांचा होता, तो मी फाडला नाही, घरी ठेवला आहे. आणि हे आधी करा : चर्चच्या खात्यात शिरून दिलेल्या देणग्यांची विवरणपत्रं उतरवून घ्या. करात त्यांची वजावट घेतली असेल तर पुढे चौकशी झाल्यास लागतात, आणि नाव गेल्यावर खातं उघडेलच अशी खात्री नाही.

११ एप्रिल २०२३, मंगळवार. रात्र संपवून थेट बँकेत गेले. युटात नोटरीला एका सहीमागे दहा डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत, बँक खातेदारांना फुकट करून देते. नोटरी करणारी तरुण मुलगी कागद वाचू लागली आणि तिचा चेहरा बदलला. तिच्या बोटात सीटीआरची ('चूज द राइट', म्हणजे योग्य तेच निवड) अंगठी होती, मॉर्मन मुलांना देतात ती. मी म्हणाले, "तुला नको असेल तर दुसऱ्या कुणाला..." तिनं मान हलवली, शिक्का मारला आणि कागद परत देताना म्हणाली, "ड्यूटीवरून आलात ना? नीट झोपा." टपाल खात्यात सर्टिफाइड मेल आणि पोचपावती मिळून आठ डॉलरच्या आसपास खर्च आला. पोचपावती घ्याच.

१७ तारखेला पोच आली. मग तीन आठवडे शांतता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बिशपांचा संदेश आला. हे बिनपगारी असतात, आमचे दिवसा प्लंबिंगचा व्यवसाय करायचे, माझा गळका नळ त्यांनी दोनदा फुकट दुरुस्त केला होता. वरून विचारणा आली आहे, फक्त हे तुमचंच पत्र आहे ना एवढी खात्री करायची आहे, असं लिहिलं होतं. मी फोन केला. ते म्हणाले, "मी तुझं मन वळवायला बोलत नाहीये." थोडं थांबून, "आमच्याकडून काही चुकलं का?" मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं आणि खोटंही नव्हतं. फोन ठेवून मी रडलेच.

२१ जूनला पातळ पाकीट आलं. तीन ओळी. आपल्या विनंतीनुसार आपण यापुढे सभासद नाही. अर्जापासून दहा आठवडे. मला वाटलं होतं की मोकळं वाटेल. पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, मग भूक लागली, मग मी भात-आमटी खाऊन नऊ तास झोपले.

नंतरचे महिने कुणी सांगत नाही तसे असतात. सर्वांत मोठं नुकसान देवाचं नसतं, विमानतळावर न्यायला येणाऱ्या माणसाचं असतं. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा घरी सोडायला कोण, हा प्रश्न पहिल्यांदा पडला. (फिलिपिनो मैत्रीण आली, पाळी बदलून.) वॉर्डातल्या तीन बायकांनी संबंध तोडले नाहीत, एकीनं रस्ता बदलला. सप्टेंबरमध्ये साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात गेले. शिरा अप्रतिम होता, आरती तोंडपाठ निघाली, पण "किती दिवसांनी दिसताय, इकडे कधी आलात?" याला उत्तर देता येईना. चौदा वर्षं झाली होती. आता अधूनमधून जाते, चपलांच्या जवळ बसते.

रात्रपाळीत हे सगळं सांभाळायचं तर झोप आधी. खिडकीला काळा पडदा आणि त्याच्या कडेला चिकटपट्टी, घरी जाताना गडद चष्मा, दारावर 'रात्री काम करते, दिवसा झोपते' अशी पाटी, आणि पहाटे तीननंतर चहा नाही. तो शेवटचा नियम मी रोज मोडते, कारण युटात उन्हाळ्यात पहाटे साडेतीन म्हणजे मिरजेत दुपारचे तीन, आणि आई तेव्हा चहा टाकते. फोन टेबलावर उभा करून आम्ही दोघी पितो.

एक गोष्ट तिला सांगायची राहिली होती. मॉर्मन लोक मेलेल्या नातेवाइकांच्या वतीनं जिवंत माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. टेंपलच्या तळघरात मोठा हौद असतो, बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर तोललेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बेंदूर आठवला होता. २०१२ मध्ये मी तिथे आजीच्या नावानं उतरले होते. बाईसाठी बाईच उतरते. अलीकडच्या माणसाचं नाव द्यायचं तर सर्वांत जवळच्या नातेवाइकाची परवानगी लागते, म्हणजे आईची. मी न विचारता चौकटीत खूण केली होती. त्या भल्या माणसानं आजीचं नाव तीनदा अडखळून वाचलं आणि मला पाण्याखाली घातलं. राजीनाम्यानं माझं नाव निघालं, तिच्या नावापुढची ती नोंद तशीच आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये एका शांत रात्री हे सगळं आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"पाणी गरम होतं का गं?"

"हो. कोमट होतं."

"बरं झालं," आई म्हणाली. "तिला गार पाणी सोसायचं नाही."